गाभण कुत्री: दिवस मोजण्यापासून पिल्लांचे वजन करण्यापर्यंत

कुत्री गाभण आहे हे कळले की घरातली माणसे सहसा दोन टोकांना जातात. काही जण ‘जनावर आहे, तिचे ती बघेल’ म्हणून तिला सोडून देतात, तर काही जण पहिल्या आठवड्यापासून तिला दुप्पट खायला घालतात आणि औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली आणून ठेवतात. माझ्या घरी आतापर्यंत तीन कुत्र्या व्याल्या, दोन गावठी आणि एक कारवानी, आणि त्या तिन्ही वेळांचा अनुभव असा की निरोगी कुत्री बहुतेक कामे स्वतःच, आणि आपल्यापेक्षा फार चांगली, करते. आपल्या वाट्याला उरते ते मोजण्याचे काम. दिवस, ताप, वेळ आणि वजन या चार गोष्टी मोजून वहीत लिहिणारा माणूस घरात असला, तर डॉक्टरांकडे केव्हा धावायचे आणि केव्हा हात बांधून नुसते बसायचे हे त्याला कळते. म्हणून पहिली खरेदी टॉनिकची नव्हे, तर एक वही, एक डिजिटल थर्मामीटर आणि ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा यांची करावी.

दिवसांचा हिशेब

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो हे खरे, मात्र ते दिवस बीज सुटल्यापासूनचे असतात, नर लावल्याच्या तारखेपासूनचे नव्हेत. नराचे शुक्राणू मादीच्या शरीरात आठवडाभरसुद्धा तग धरू शकतात आणि सुटलेले बीज पक्व व्हायला आणखी दोनेक दिवस लागतात, त्यामुळे लावल्याच्या तारखेपासून मोजले तर ती ५७व्या दिवशी व्याली काय किंवा ७२व्या दिवशी व्याली काय, दोन्ही नैसर्गिकच मानावे लागते. नर एकापेक्षा अधिक वेळा लागला असेल, तर पहिली आणि शेवटची अशा दोन्ही तारखा लिहून ठेवाव्यात. माजावर असलेली कुत्री फाटकातून निसटून गेली असेल तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. काळ्या आईच्या पोटी एक पिवळे आणि एक ठिपक्यांचे पिल्लू जन्मले म्हणून चकित होण्याचे कारण नाही.

माणसांसाठी मिळणारी गर्भचाचणीची पट्टी कुत्रीसाठी निरुपयोगी आहे, कारण ती ज्या संप्रेरकावर चालते ते कुत्रीत तयारच होत नाही. साधारण २५ ते ३० दिवसांच्या सुमारास सोनोग्राफी केली तर पिल्लांच्या हृदयाचे ठोके दिसतात. ही तपासणी पैशांची उधळपट्टी नाही, कारण माज संपून दोन महिने झालेली कुत्री गाभण नसतानाही पोट सुटल्यासारखी दिसते, कोपऱ्यात चिंध्या गोळा करते आणि तिच्या सडांना दूधही उतरते. या खोट्या गर्भारपणाने माझ्या ओळखीतली बरीच घरे फसलेली आहेत. दुसरी तपासणी ५५ दिवसांनंतरच्या एक्स-रेची. तोवर पिल्लांच्या हाडांत पुरेसा चुना, म्हणजे कॅल्शियम, भरलेला असतो आणि कवट्या व पाठीचे कणे मोजता येतात. पिल्ले सहा आहेत हे आधी ठाऊक असले, तर पाचव्यानंतर कुत्री शांत झाली तरी काम संपलेले नाही हे आपल्याला कळते. आकडा ठाऊक नसेल तर त्या रात्री केवळ अंदाजावर बसावे लागते.

पग, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या जातींत पिल्लांची डोकी मोठी आणि आईचा मार्ग अरुंद असल्याने शस्त्रक्रियेची वेळ वारंवार येते, तेव्हा अशा कुत्रीच्या मालकांनी तारीख जवळ येण्याआधीच शस्त्रक्रिया कोठे होईल हे ठरवून ठेवावे.

खाणे, आणि त्या कॅल्शियमच्या बाटलीविषयी

पहिले पाच आठवडे तिच्या नेहमीच्या आहारात बदल करण्याची गरज नसते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती एखाद-दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही, तेही बहुधा आपोआप सुधारते. पिल्लांची खरी वाढ शेवटच्या तीन आठवड्यांत होते, म्हणून सहाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत नेऊन, विण्याच्या वेळी ती नेहमीच्या सव्वापट ते दीडपट खाईल असे पाहावे. याच काळात गर्भाशयाने जठराची जागा बळकावलेली असते. एका वेळी भरलेले ताट ती संपवू शकत नाही, तेव्हा तेच अन्न दिवसातून चार वेळा विभागून द्यावे. तयार खाद्य देत असाल तर या तीन आठवड्यांत आणि पुढे दूध पाजण्याच्या काळात पिल्लांसाठीचे खाद्य आईलाच द्यावे, कारण त्यात प्रथिने, स्निग्धांश आणि खनिजे योग्य प्रमाणात असतात. घरचे अन्न देणाऱ्यांनी नुसत्या दूध-भाकरीवर भागवू नये. उकडलेली अंडी, हाडे काढलेली कोंबडी, थोडे काळीज, किनारपट्टीवर काटे काढलेली उकडलेली मासळी यांची जोड हवीच.

बाळंतिणीच्या खाण्याच्या आपल्या कल्पना मात्र कुत्रीवर लादू नयेत. आमच्या शेजारच्या आजी मोठ्या मायेने डिंकाचा लाडू घेऊन आल्या होत्या. त्यात मनुके होते, आणि मनुके किंवा द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना विषारी ठरतात. कांदा, लसूण आणि चॉकलेट यांनाही घरात सर्वांनी ठाम नकार द्यावा.

आता कॅल्शियम. पिल्लांची हाडे घडत आहेत, मग आईला चुना हवा, हा विचार वरवर बिनतोड वाटतो, पण गर्भारपणात वरून कॅल्शियम दिले तर उलटाच परिणाम होतो. रक्तातील कॅल्शियम कमी झाले की हाडांतून ते काढून आणण्याचे काम गळ्याजवळच्या छोट्या ग्रंथी करतात. बाहेरून आयते कॅल्शियम मिळत राहिले की त्या ग्रंथी सुस्तावतात, आणि व्याल्यानंतर दुधावाटे एकाएकी मोठी मागणी आली की त्यांना वेळेवर जाग येत नाही. मग कुत्री धापा टाकू लागते, अस्वस्थपणे फिरते, पाय ताठ करून चालते, अंगाला कंप सुटतो, ताप चढतो आणि झटके येतात. हा प्रकार बहुधा व्याल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत, विशेषतः पॉमेरेनियनसारख्या लहान चणीच्या आणि पुष्कळ पिल्ले असलेल्या कुत्रीत दिसतो. त्या वेळी पिल्ले तिच्यापासून बाजूला काढून, सकाळची वाट न पाहता, डॉक्टर गाठावा. शिरेतून सावकाश दिलेल्या कॅल्शियमने ती डोळ्यांदेखत सावरते. गर्भारपणातली बाटली मात्र कपाटातच राहू द्यावी.

औषधे, गोचिडे आणि जंत

गाभण कुत्रीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी देऊ नये, आणि ती गाभण आहे हे दर वेळी डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. आपल्याकडे गोचिडांपासून होणारा ताप फार, आणि त्यावर सर्रास दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन गर्भातील पिल्लांच्या हाडांना व दातांना अपाय करू शकते. स्टिरॉइडमुळे गर्भपात होऊ शकतो. गोचिडांसाठी अंगावर टाकायची सगळी औषधेही या काळात चालत नाहीत, तेव्हा रोज संध्याकाळी कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली बघून चिमट्याने गोचिडे काढणे हाच खात्रीचा उपाय ठरतो. लसी गाभण राहण्यापूर्वीच पूर्ण झालेल्या असाव्यात, कारण जिवंत विषाणूंच्या लसी गर्भारपणात टोचत नाहीत.

जंतांची गोष्ट थोडी वेगळी आहे. गोल जंतांच्या अळ्या आईच्या स्नायूंत निपचित पडून असतात, गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यात त्या जाग्या होतात आणि वारेतून थेट पिल्लांत शिरतात. म्हणजे स्वच्छ घरात जन्मलेले पिल्लूही पोटात जंत घेऊनच येते. त्यासाठी डॉक्टर बहुधा ४०व्या दिवसापासून व्याल्यानंतरच्या १४व्या दिवसापर्यंत फेनबेंडॅझोल रोज देण्याचा सल्ला देतात. मात्रा तिच्या वजनावर ठरते, ती त्यांच्याकडूनच घ्यावी.

रोजचे फिरणे थांबवू नये, पण जिना, उड्या आणि इतर कुत्र्यांशी मस्ती हळूहळू कमी करावी. विण्याच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे परक्या कुत्र्यांचा संपर्क पूर्णपणे टाळावा, कारण मोठ्या कुत्र्याला साधी सर्दी वाटणारा हर्पीस विषाणू नवजात पिल्लांचे अख्खे वेत संपवू शकतो.

जागा आणि पेटी

विण्याच्या दहा-बारा दिवस आधी पेटी तयार असावी आणि कुत्री तीत झोपायला लागलेली असावी; अन्यथा ती आपली जागा स्वतः निवडते, आणि ती निवड बहुधा दिवाणाखालचा किंवा धान्याच्या पोत्यांमागचा कोपरा अशीच असते. जागा अर्धवट अंधाराची, माणसांच्या वर्दळीपासून दूर, पण आपल्याला वाकून हात घालता येईल अशी निवडावी. पेटी प्लायवूडची असो की मोठ्या खोक्याची, कुत्रीला पाय पूर्ण ताणून आडवे होता यावे आणि अंगाखाली काही न चिरडता वळता यावे एवढी ती हवी. एका बाजूची कड आई सहज ओलांडेल पण पिल्ले ओलांडणार नाहीत इतकी खाली ठेवावी. आतून चारही भिंतींना, तळापासून चार बोटांवर, चार बोटे पुढे आलेली पट्टी किंवा प्लॅस्टिकचा पाइप बसवून घ्यावा. आई भिंतीला टेकून बसते तेव्हा मागे सापडलेले पिल्लू त्या पट्टीखाली वाचते. आमच्या सुताराला हे समजावून सांगायला वेळ लागला, पण पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे.

विताना तळाशी वर्तमानपत्रांचे जाड थर असावेत, म्हणजे भिजलेला थर गुंडाळून काढता येतो. नंतर मात्र कागद नको. त्यावर पिल्लांचे पाय घसरतात आणि काही पिल्लांचे मागचे पाय बाजूला फाकून ती पोटावर पोहल्यासारखी सरकत राहतात. जुनी सुती चादर ताणून, कडा खाली दुमडून घालावी. गोधडी घालू नये, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो: दुसऱ्या वेतात मी प्रेमाने माझ्या आईची जुनी गोधडी घातली आणि तिसऱ्या दिवशी एका पिल्लाच्या मागच्या पायाला तिचा उसवलेला दोरा तीन वेढे बसलेला सापडला; पंजा सुजून जांभळा झाला होता, आणि नखे कापायच्या छोट्या कात्रीने तो दोरा कापताना माझे हात थरथरत होते. पाय वाचला, गोधडी मात्र मी पुन्हा पेटीजवळ नेली नाही.

नवजात पिल्लाला पहिले दोन आठवडे स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात पेटीत ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान हवे. थंडीत पेटीच्या एकाच कोपऱ्यावर बल्ब टांगावा, म्हणजे उकडले की पिल्लांना सरकून जाता येते. वीज जाण्याची सवय असलेल्या गावांत गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तयार ठेवावी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो: खोली थंड करावी, पण कूलरचा झोत पेटीवर येऊ देऊ नये. एकमेकांवर चढून बसलेली पिल्ले गारठलेली असतात, आणि लांब लांब पसरून केविलवाणी ओरडणारी उकडलेली. थर्मामीटरपेक्षा हे अधिक लवकर दिसते.

पेटीशेजारी एका टोपलीत स्वच्छ पंचे, पाण्यात उकळून घेतलेला शिवणाचा जाड दोरा, उकळलेली कात्री, पोव्हिडोन आयोडीन, कापूस, काटा, वही आणि टॉर्च ठेवावा. वहीच्या पहिल्या पानावर नेहमीच्या डॉक्टरांचा आणि रात्री दार उघडणाऱ्या दुसऱ्या एखाद्या दवाखान्याचा क्रमांक असावा. मुंबईत परळला, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत आणि तेथे उपचारही होतात; जवळ राहणाऱ्यांनी त्यांच्या वेळा आधीच विचारून ठेवाव्यात, त्याचबरोबर रात्री गाडी कोण काढणार हेही.

ती रात्र

५८व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून ताप मोजावा. कुत्रीचे तापमान एरवी १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. गर्भ टिकवून धरणारे संप्रेरक ओसरले की ते ९९ अंशांच्या खाली उतरते, आणि त्यानंतर साधारण १२ ते २४ तासांत कळा सुरू होतात. आमच्या कारवानीच्या वहीत ६२व्या दिवशी सकाळी १००.८ आणि रात्री दहाला ९८.६ अशी नोंद आहे. त्यानंतर तिने खाणे सोडले, चादर उकरून गोळा केली, धापा टाकल्या, एकदा उलटी केली. हा पहिला टप्पा ६ ते १२ तास, कधी त्याहून अधिकही चालतो, आणि त्यात आपण करण्यासारखे काहीही नसते. शेजाऱ्यांना बोलावू नये, फोटो काढू नयेत. तिच्या विश्वासातल्या एकाच माणसाने थोडे दूर बसावे.

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी पहिले पिल्लू आले, मागच्या पायांकडून. कुत्रीत ही आडनिडी गोष्ट नाही. पिल्ले डोक्याकडून येतात तशीच शेपटीकडूनही येतात. आईने पिल्लाभोवतीचा पडदा फाडला, नाळ चावून तोडली आणि चाटचाटून त्याला ओरडायला लावले. दुसरे आले तेव्हा ती पहिल्यातच गुंतलेली होती आणि पडदा तसाच राहिला. अशा वेळी मिनिटभर वाट पाहून आपण हात घालावा: तोंडावरचा पडदा बोटांनी फाडून मागे सारावा, नाक-तोंड पुसावे, डोके थोडे खाली धरून पंचाने पाठ आणि छाती जोराने चोळावी. पिल्लू हातात धरून झटकण्याची जुनी पद्धत मेंदूला इजा करू शकते, ती वापरू नये. आमचे ते पिल्लू घड्याळाप्रमाणे चार मिनिटे ओल्या फडक्यासारखे लोंबत होते, मग त्याने एकदा तोंड वासले, पुन्हा वासले आणि चिमणीसारखा आवाज काढला. नाळ आपणच कापायची वेळ आली तर पोटापासून एक इंचावर दोऱ्याने घट्ट बांधून गाठीच्या पलीकडे कापावी आणि टोक आयोडीनमध्ये बुडवावे. नाळ ओढू नये.

प्रत्येक पिल्लाची वेळ आणि त्याची वार पडली की नाही हे लिहीत जावे. आईने एक-दोन वारा खाल्ल्या तर बिघडत नाही, सगळ्याच खाल्ल्या तर जुलाब होतात.

आता घड्याळाचे नियम, जे त्या रात्री पाठ असले पाहिजेत. जोरदार कळा देऊन अर्धा तास झाला आणि पिल्लू आले नाही, किंवा पिल्लाचा भाग बाहेर दिसून दहा मिनिटे ते अडकून राहिले, तर फोन उचलावा. दोन पिल्लांच्या मध्ये ती शांत पडून विश्रांती घेत असेल तर दोन तासांपर्यंत वाट पाहता येते. पिल्ले शिल्लक असताना त्याहून अधिक वेळ गेला तर नाही. पहिले पिल्लू येण्यापूर्वीच हिरवा-काळा स्राव दिसला तर वार सुटली आहे असे समजून निघावे. पहिल्या पिल्लानंतर तोच रंग दिसणे स्वाभाविक आहे. तापमान उतरून २४ तास उलटले तरी कळा नाहीत, किंवा ताजे लाल रक्त वाहते आहे, तर तेही थांबण्याचे कारण नव्हे. आणि कोणी कितीही अनुभवी माणूस ‘कळा वाढवायचे इंजेक्शन’ तपासल्याविना देऊ लागला तर त्याला अडवावे: पिल्लू आडवे अडकलेले असताना हे इंजेक्शन, म्हणजे ऑक्सिटोसिन, दिले तर गर्भाशय फाटू शकते. आमच्या तालुक्यात एका कुत्रीचे प्राण असे गेलेले मी पाहिले आहेत.

पहिले तीन आठवडे

सगळी पिल्ले पहिल्या काही तासांत आईला लागली पाहिजेत, कारण चिकातून मिळणारी रोगप्रतिकारशक्ती पिल्लाचे आतडे जेमतेम पहिल्या दिवसापर्यंतच शोषून घेते. अशक्त पिल्लाला मागच्या, दूध जास्त असलेल्या सडांजवळ धरावे.

त्यानंतर वजन. रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, प्रत्येक पिल्लाचे वजन करावे. ओळखण्यासाठी कपाळावर नखरंगाचा ठिपका पुरतो. माझ्याकडची पिल्ले जन्मतः २५० ते ३५० ग्रॅमची होती. पहिल्या दिवशी किंचित घट झाली तर चालते, दुसऱ्या दिवसापासून आकडा रोज वर गेला पाहिजे आणि सात ते दहा दिवसांत दुप्पट झाला पाहिजे. पिल्लू धडधाकट दिसते, चोखते, तरी वजन दोन दिवस अडलेले आहे, हे काटाच सांगतो, डोळा सांगत नाही.

वरचे दूध पाजावे लागले तर गायीचे दूध पुरत नाही. कुत्रीच्या दुधात प्रथिने त्याच्या दुपटीहून अधिक असतात. पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी आणावी, पिल्लाला पोटावर ठेवून पाजावे, माणसाच्या बाळासारखे उताणे धरून नव्हे, अन्यथा दूध फुप्फुसात जाते. गारठलेल्या पिल्लाला आधी अंगाशी धरून ऊब द्यावी आणि मगच पाजावे, कारण थंड पडलेल्या पोटात दूध पचत नाही, कुजते. आईविना वाढणाऱ्या पिल्लाची शी-शूही कोमट ओल्या कापसाने पुसून करवावी लागते, एरवी ते काम आईची जीभ करते.

आईचे खाणे या काळात दुपटी-तिपटीपर्यंत जाते आणि पाणी सतत समोर हवे. रोज सड दाबून पाहावेत. एखादा कडक, गरम, लाल असेल, दूध पिवळट किंवा रक्तमिश्रित येत असेल, किंवा मागच्या स्रावाला दुर्गंधी असेल तर डॉक्टर. तपकिरी लालसर स्राव तीनचार आठवडे राहणे मात्र नेहमीचेच आहे.

डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात. पिल्लांच्या जंतांचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, आणि पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत. तोवर पाहुण्यांच्या चपला उंबऱ्याबाहेर राहाव्यात. पिल्लांना जीवघेणे जुलाब लावणारा पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि चपलेवरून घरात येतो. चौथ्या आठवड्यात कोमट पाण्यात मऊ केलेले खाद्य पसरट ताटलीत ठेवावे. पहिल्या दिवशी पिल्ले ते खाण्यापेक्षा त्यात बसणेच पसंत करतात.

आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू कोणालाही देऊ नये. व्यवसाय म्हणून पैदास करणाऱ्यांवर तर २०१७च्या नियमांनीच हे बंधन घातलेले आहे. माझ्याकडून पिल्लू नेणाऱ्याला वहीतले त्याचे पान उतरवून देतो: जन्मवेळ, आठ आठवड्यांची वजने, जंतांच्या औषधाच्या आणि लसीच्या तारखा, आणि रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर द्यायची आहे ही ओळ लाल शाईत. आईच्या पानावर शेवटची नोंद असते ती नसबंदीच्या शस्त्रक्रियेच्या तारखेची. दूध आटल्यावर काही आठवड्यांनी, पुढचा माज येण्याआधी.